‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ एका रात्रीत झाले नाही

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

‘क्वीन’ या ब्रिटिश रॉक बँडच्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ या गाण्याला पन्नास वर्षे पूर्ण झाली, त्यानिमित्त आपल्या रविवार पुरवणीत पानभर लेख प्रसिद्ध झाला, याबद्दल प्रथम आपले आभार. मराठी वृत्तपत्रात पाश्चात्त्य रॉक संगीताला एवढी जागा क्वचितच मिळते, आणि मिळालीच तर ती बहुधा कलावंताच्या कपड्यांवर आणि व्यसनांवर खर्च होते. आपल्या लेखकाने तसे केलेले नाही, आणि या गाण्यावर त्यांचा जीव आहे हेही जाणवते. तथापि लेखातील तीन गोष्टींविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. हे गाणे ‘क्वीन’चा गायक फ्रेडी मर्क्युरीला ‘एका रात्रीत सुचले आणि झाले’ असे लेखात म्हटले आहे. पाचगणीतील बालपणाचे संस्कार त्यात ‘स्पष्ट ऐकू येतात’ असेही म्हटले आहे. आणि तिसरी गोष्ट आहे छायाचित्राखालच्या ओळीची, तिच्याकडे शेवटी येतो.

मी ३१ वर्षे मुंबईतील एका ध्वनिमुद्रणालयात ध्वनिमुद्रक म्हणून काम केले आणि निवृत्तीनंतर वाईला स्थायिक झालो. माझ्या नोकरीचा पहिला अर्धा काळ टेपचा होता. संगणक आमच्या खोलीत शिरला तेव्हा माझे केस पांढरे व्हायला लागले होते. त्यामुळे एखादे गाणे ‘झाले’ असे कुणी सहज म्हणून गेले की मला लगेच विचारावेसे वाटते, की कुठे झाले, कशावर झाले आणि किती वेळा पुसून पुन्हा झाले? या गाण्याच्या बाबतीत या तिन्ही प्रश्नांची उत्तरे उपलब्ध आहेत आणि ती गाण्याइतकीच रंजक आहेत, म्हणून हा पत्रप्रपंच.

प्रथम ‘एका रात्री’विषयी. मर्क्युरीच्या मृत्यूनंतर जवळजवळ ३२ वर्षांनी, सप्टेंबर २०२३ मध्ये, लंडनला सदबीजने त्याच्या वस्तूंचा लिलाव केला. त्यात या गाण्याचे हस्तलिखित खर्डे होते, आणि ते सुमारे १३ लाख ८० हजार पौंडांना विकले गेले. हे खर्डे एका ब्रिटिश विमान कंपनीच्या छापील कागदांवर, १९७४ सालच्या दिनदर्शिकेच्या पानांवर लिहिलेले आहेत. त्यात शब्द खोडले आहेत, पुन्हा लिहिले आहेत, आणि एका पानावर गाण्याचे नाव ‘मंगोलियन ऱ्हॅप्सडी’ असे लिहून त्यातला पहिला शब्द खोडून वर ‘बोहेमियन’ केला आहे. गाणे बाजारात आले ३१ ऑक्टोबर १९७५ रोजी. बँडमधील गिटारवादक ब्रायन मे यांनीही नंतर सांगितले आहे, की फ्रेडी वडिलांच्या कचेरीतल्या कागदांचे कपटे घेऊन येई आणि पियानोवर एकेक तुकडा जोरजोराने वाजवून दाखवी. हे वर्णन रात्रीतून कौल मिळालेल्या माणसाचे वाटत नाही. मनातल्या मनात घराचा नकाशा काढून ठेवलेल्या, पण विटा अजून भाजायच्या असलेल्या माणसाचे वाटते.

विटा भाजण्याचे काम ऑगस्ट १९७५ च्या अखेरीस वेल्समधील मॉनमथ गावाजवळच्या रॉकफील्ड स्टुडिओत सुरू झाले. रॉकफील्ड म्हणजे मुळात दोन भावांचे शेत आणि गोठा. तिथे त्यांनी असा स्टुडिओ काढला, की कलावंतांनी तिथेच राहावे, जेवावे आणि मनात येईल तेव्हा उठून मुद्रण करावे. त्यानंतर हे काम लंडनमधील आणखी काही स्टुडिओंतून फिरत गेले. निर्माते होते रॉय टॉमस बेकर, जे एप्रिल २०२५ मध्ये वारले. आपल्या लेखात त्यांचे नाव एकदाही नाही, हे मला सर्वांत जास्त खटकले. बेकर एक आठवण सांगत असत. मर्क्युरीने घरी पियानोवर त्यांना गाण्याची सुरुवात वाजवून दाखवली, मध्येच थांबला आणि म्हणाला, की इथून ऑपेराचा भाग सुरू होतो; मग दोघे जेवायला बाहेर पडले. यातली गंमत बाजूला ठेवून कामाच्या दृष्टीने पाहावे. बेकर यांची उमेदवारी डेका कंपनीत झाली होती आणि तिथे त्यांनी डॉयली कार्ट या ऑपेरा मंडळींचे मुद्रण केले होते. ‘ऑपेरा’ या शब्दावर दचकून न उठणारा रॉक निर्माता त्या वेळी लंडनमध्ये फारसा सापडला नसता.

पियानो, बास आणि ड्रम यांचा पाया तीन स्वतंत्र तुकड्यांत मुद्रित झाला. आधी संथ गीताचा भाग, मग ऑपेराचा, मग जोरकस रॉकचा. ऑपेराच्या भागासाठी बेकर यांनी सुरुवातीला सुमारे अर्ध्या मिनिटाची टेप मोकळी सोडली होती. मर्क्युरी रोज नवी कल्पना घेऊन येई, आणखी काही ‘गॅलिलिओ’ (त्या भागात पुन:पुन्हा गायले जाणारे नाव) घालायचे आहेत म्हणे, आणि बेकर टेपच्या रिळाला आणखी एक तुकडा जोडत. असे करत करत तो भाग मिनिटभराच्या वर गेला आणि त्या एका भागालाच सुमारे तीन आठवडे लागले. त्या काळी एवढ्या वेळात एक आख्खा अल्बम उरकत असे.

मी हे गाणे प्रथम १९७८ साली ऐकले. बोटीवर नोकरीला असलेल्या एका मित्राने रेकॉर्ड आणली होती आणि घरी धड प्लेअर नसल्याने रात्रपाळीला आम्ही ती स्टुडिओतल्या टर्नटेबलवर लावली. पहिल्यांदा ऐकताना मी सगळ्यांसारखाच चक्रावलो. दुसऱ्यांदा कानाला हेडफोन लावून ऐकले तेव्हा गिटारचा तुकडा संपून पियानोचे तुटक ठोके सुरू होतात त्या जागी मी थबकलो. मागच्या सुराचा एक धागाही पुढे येत नाही, खोली बदलल्यासारखी हवा बदलते. इथे ब्लेड चालले आहे, असे मी मित्राला म्हणालो. त्याला वाटले मी गाण्याला नावे ठेवतो आहे. माझ्या तोंडून ती दाद होती.

‘ब्लेड चालले’ म्हणजे काय, हे आजच्या वाचकासाठी सांगायला हवे. टेप तोडायची जागा शोधण्यासाठी दोन्ही स्पूल हातांनी पुढेमागे हलवत आवाज घोगऱ्या गुरगुरीपर्यंत हळू करायचा, शब्द नेमका जिथे सुरू होतो तिथे टेपच्या पाठीवर पिवळ्या पेन्सिलीने रेघ मारायची, टेप धातूच्या खाचेत बसवायची आणि दाढीच्या ब्लेडने तिरकी कापायची. सरळ कापली तर सांध्यावर ‘टक’ असा आवाज येतो. तिरकी कापली तर एक आवाज दुसऱ्यात विरघळतो. मग दोन टोके भिडवून पाठीमागून पांढरी चिकटपट्टी लावायची आणि नखाने घासायची. चुकलात तर कापलेला तुकडा जमिनीवर शोधायचा. आमच्या खोलीत झाडूवाल्या बाईंना सक्त ताकीद होती, की कार्यक्रम प्रसारित होईपर्यंत टेपचे तुकडे झाडायचे नाहीत.

ऑपेराच्या भागातील तो प्रचंड कोरस तीनच माणसांचा आहे. मे खालच्या पट्टीत, मर्क्युरी मधल्या आणि ड्रमवादक रॉजर टेलर वरच्या पट्टीत. बासवादक जॉन डीकन या भागात गायलेले नाहीत. तिघांनी दिवसाला दहा-बारा तास उभे राहून एकेक ओळ पुन:पुन्हा गायली. यंत्र २४ ट्रॅकचे होते, म्हणजे एका रुंद टेपवर शेजारीशेजारी २४ आवाज राहू शकत. त्यातले बरेच पायाच्या वाद्यांनी अडलेले. उरलेल्या ट्रॅकवर गायचे, ते सगळे मिसळून एक-दोन ट्रॅकवर उतरवायचे, मूळचे पुसायचे आणि मोकळ्या झालेल्या जागेत पुन्हा गायचे. असे थरावर थर चढत गेले, आणि एकूण सुमारे १८० थर झाल्याचे सांगितले जाते. गाण्याच्या आरंभी जी वाद्यांविना स्वरावली येते, ती तर एकट्या मर्क्युरीने स्वत:च्याच आवाजावर आवाज चढवून केलेली आहे, जरी पडद्यावर चौघांचे ओठ हलताना दिसत असले तरी.

या पद्धतीत धोका काय असतो ते मला अनुभवाने ठाऊक आहे. सन १९८१ च्या सुमारास आमच्याकडे एका श्रुतिकेत गावसभेचा प्रसंग होता. दिग्दर्शकांना चाळीस माणसांचा गलका हवा होता आणि अंदाजपत्रकात नट बसत होते तीन. मला ‘क्वीन’ची आठवण होती, त्यामुळे मी फुशारकीने म्हटले, की तीन पुरेत. दोन टेपयंत्रे समोरासमोर ठेवली. तिघांचा गलका एकावर घेतला. तो वाजवत वाजवत त्यावर तिघांना पुन्हा ओरडायला लावून दुसऱ्यावर घेतला. मग तो वाजवून पुन्हा पहिल्यावर. चौथ्या फेरीला खरोखरच सभा भरल्यासारखी वाटू लागली. पण प्रत्येक फेरीला टेपचा स्वत:चा सळसळाटही वाढत होता, आणि पाचव्या फेरीला तापलेल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा आवाज सगळ्या गावसभेवर पसरला. त्याहून वाईट म्हणजे दुसऱ्या फेरीत एका नटाला खोकला आला होता, तो माझ्या लक्षात आला चौथ्या फेरीनंतर. एकदा मिसळलेला थर वेगळा काढता येत नाही. श्रुतिका तशीच प्रसारित झाली. ‘पाणी द्या हो त्यांना’ असे एक पोस्टकार्डही आले. दोष संपूर्णपणे माझा होता.

तेव्हा १८० थर ही संख्या कौतुकाने वाचताना हे ध्यानात घ्यावे, की यातला प्रत्येक मिसळा हा परत न फिरवता येणारा निर्णय होता. अमुक ओळीत टेलर किती वर यावा, मे किती खाली दबावा, हे त्या क्षणी बेकर आणि मुद्रक माइक स्टोन यांच्या बोटांनी ठरवले, आणि ते कायमचे ठरले. आज संगणकावर तीनशे थर घेता येतात आणि तीन वर्षांनी त्यातला एक बदलता येतो. आजचे मुद्रक आळशी आहेत असे मी मुळीच म्हणत नाही. मला ती सोय तेव्हा मिळाली असती तर मी तिला नमस्कार केला असता. पण या गाण्यातील ऑपेराचा भाग ऐकताना जी एक ताणलेली, आता तुटेल की काय अशी धार जाणवते, ती मला तरी त्या परत न फिरता येण्यातून आलेली वाटते.

टेप तर खरेच तुटायला आली होती. टेप म्हणजे प्लॅस्टिकच्या पट्टीवर लोहाच्या ऑक्साइडचा तपकिरी थर. यंत्राच्या हेडवरून ती जितक्या वेळा घासत जाते तितकी ती पूड झडते. दिवसाच्या शेवटी स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाने हेड पुसले की कापूस चहाच्या चोथ्यासारखा होई, हे माझ्या पिढीतला कोणताही मुद्रक सांगेल. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ची मूळ टेप इतक्या वेळा फिरली, की मे आणि बेकर यांच्या सांगण्यानुसार ती उजेडाकडे धरली असता आरपार दिसू लागले. घाईने तिची प्रत करून पुढचे काम प्रतीवर करावे लागले. मला वाटते, पन्नासाव्या वर्षी आपल्या पानावर छापायला त्या आरपार दिसणाऱ्या टेपइतके बोलके चित्र दुसरे नव्हते.

गाणे ‘घडवले’ गेले याचा आणखी एक पुरावा असा, की घडवणाऱ्यांनाच ते संपूर्ण गाऊन दाखवता आले नाही. रंगमंचावर ‘क्वीन’ हे गाणे वर्षानुवर्षे सादर करी, पण ऑपेराचा भाग आला की चौघे मंचावरून आत जात, अंधारात दिव्यांचा खेळ चाले आणि टेप वाजवली जाई. रॉकचा भाग सुरू होताच ते धावत परत येत. यावरून काही समीक्षकांनी त्यांची चेष्टाही केली. माझ्या मते यात लपवाछपवी काहीच नव्हती. तीन माणसे एका वेळी तीनच आवाज काढू शकतात. बाकीचे आवाज फक्त टेपवर होते, आणि ते टेपचेच आहेत हे त्यांनी आत निघून जाऊन उघडपणे मान्य केले.

श्रेयाविषयी थोडेसे. गाण्यावर रचनाकार म्हणून एकट्या मर्क्युरीचे नाव आहे आणि ते योग्यच आहे. त्याच्या शब्दांचा अर्थ त्याने कधी उलगडून सांगितला नाही, इतर तिघांनीही तो झाकलेलाच ठेवला, तेव्हा मीही त्यात शिरत नाही. पण गिटारचा जो तुकडा संथ गीतातून ऑपेराकडे घेऊन जातो, तो मे यांचा आहे. गायलेली चाल गिटारवर पुन्हा वाजवून दाखवायची नाही, तिला जोड म्हणून वेगळी छोटी चाल बांधायची, असे त्यांनी मुद्दाम ठरवले होते. त्यांची गिटारही घरी बनवलेली आहे, जुन्या शेकोटीच्या चौकटीचे लाकूड वापरून त्यांनी वडिलांबरोबर ती तयार केली. आणि तारा छेडायला ते प्लॅस्टिकच्या नखीऐवजी सहा पेन्सचे नाणे वापरतात. उलट रॉकच्या भागातील गिटारची ती गाजलेली धून मर्क्युरीची आहे, आणि ती त्याने पियानोवर बांधल्याने गिटारवाल्याच्या बोटांना अवघड जाते, हे मे यांनीच सांगितले आहे. म्हणजे कुणाचे काय, याची वाटणी वरवर दिसते तितकी सोपी नाही. गंमत अशी, की या रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला टेलर यांचे मोटारीवरचे एक गाणे होते, आणि रेकॉर्ड विकत घेणारा दोन्ही बाजूंचे पैसे मोजत असल्याने टेलर यांना रचनाकार म्हणून मर्क्युरीइतकेच मानधन मिळाले. बँडमध्ये यावरून बराच काळ धुसफूस होती. पुढे १९८९ पासून त्यांनी सगळी गाणी ‘क्वीन’ याच नावावर लावायला सुरुवात केली. शहाणपण जरा उशिरा आले, एवढेच.

आता रेकॉर्ड म्हणून या गाण्याचे काय झाले, ते पाहू. रेडिओवर वाजणारे सिंगल, म्हणजे एका गाण्यासाठी काढलेली छोटी रेकॉर्ड, साधारण तीन मिनिटांचे असावे अशी तेव्हाची रीत. हे गाणे ५ मिनिटे ५५ सेकंदांचे. इएमआय या रेकॉर्ड कंपनीच्या अधिकाऱ्यांना ते इतके लांब काढायचे नव्हते. आपल्या लेखात त्यांना अरसिक ठरवून विषय संपवला आहे, पण त्यांच्या बाजूनेही एक शब्द बोलायला हवा. सात इंची रेकॉर्डवर खोबणीला जागा मोजकीच असते. गाणे जितके लांब तितक्या खोबण्या दाटीने कोराव्या लागतात, आणि दाटीने कोरायच्या तर आवाज कमी ठेवावा लागतो. म्हणजे रेडिओवर शेजारच्या गाण्यापेक्षा आपले गाणे मिणमिणते वाजण्याची भीती. ज्याने आयुष्यभर विक्री सांभाळली आहे त्याला हे दिसणारच. बँडने मात्र गाणे कापू दिले नाही. लंडनच्या कॅपिटल रेडिओवरील केनी एव्हरेट या निवेदकाला एक प्रत मिळाली, लावू नकोस असे सांगून दिलेली, आणि त्याने दोन दिवसांत ती चौदा वेळा वाजवली. सोमवारी लोक दुकानात जाऊन अजून बाजारात न आलेली रेकॉर्ड मागू लागले.

पुढचे आकडे आपल्या लेखात आले आहेत, ते बरोबरच आहेत, म्हणून मी ते उगाळत नाही. ब्रिटनमध्ये सलग नऊ आठवडे पहिला क्रमांक, आणि २४ नोव्हेंबर १९९१ रोजी मर्क्युरी गेल्यानंतर पुन्हा काढलेल्या रेकॉर्डला आणखी पाच आठवडे. फक्त ‘जगातील पहिला म्युझिक व्हिडिओ’ हे बिरूद काढून टाकावे. बीटल्सनी १९६६ सालीच आपल्या गाण्यांच्या अशा फिल्म करून दूरचित्रवाणीकडे पाठवल्या होत्या. ‘क्वीन’चा व्हिडिओ झाला तो निकडीपोटी. बँड दौऱ्यावर निघाला होता, आणि बीबीसीच्या साप्ताहिक कार्यक्रमात उभे राहून त्या ऑपेरावर ओठ हलवायचे तर हसे झाले असते. दिग्दर्शक ब्रूस गावर्स यांनी लंडनजवळच्या एल्स्ट्री स्टुडिओत १० नोव्हेंबर १९७५ रोजी सुमारे चार तासांत तो चित्रित केला. एका चेहऱ्याचे अनेक चेहरे होतात ते कॅमेऱ्यापुढे लोलक धरून, आणि चेहरा मागे मागे झिरपत जातो तो कॅमेरा त्याच्याच मॉनिटरकडे वळवून, आरशासमोर आरसा धरावा तसा. साडेचार हजार पौंडांच्या आत-बाहेर खर्च. इथेही हातानेच काम झाले आहे.

राहता राहिला पाचगणीचा मुद्दा, आणि तो मी जरा नाइलाजाने घेतो, कारण वाईत राहणाऱ्या माणसाने पाचगणीचे श्रेय कमी करावे हे शेजारधर्माला धरून नाही. फारुख बलसारा, म्हणजेच पुढचा फ्रेडी मर्क्युरी, हा झांझिबारमध्ये ५ सप्टेंबर १९४६ रोजी जन्मलेला पारशी मुलगा आठव्या-नवव्या वर्षी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत आला. ‘फ्रेडी’ हे नाव त्याला तिथेच पडले, पियानोच्या परीक्षा त्याने तिथे दिल्या, आणि ‘द हेक्टिक्स’ नावाच्या पाच मुलांच्या बँडमध्ये तो पियानो वाजवी. एवढे निर्विवाद आहे आणि एवढे पुष्कळ आहे. पसरणी घाट चढून येणारे पर्यटक हल्ली स्टँडवर विचारतात, की फ्रेडीची शाळा कुठे; मी त्यांना आनंदाने रस्ता दाखवतो. परंतु त्या मुलांचा बँड वाजवत होता तो क्लिफ रिचर्ड आणि लिटल रिचर्ड यांचा माल. आपल्या लेखकाला ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’त जे भारतीय संस्कार ‘स्पष्ट ऐकू येतात’ ते मला पन्नास वेळा ऐकूनही सापडले नाहीत, आणि ‘बिस्मिल्ला’ हा एक शब्द त्यासाठी पुरत नाही. त्याच कडव्यांत इटालियन विदूषक, सेव्हिलचा न्हावी आणि सैतानही आहेत, मग त्या सगळ्यांचे गाव कुठे शोधायचे? पाचगणीने त्या मुलाला पियानोवर हात बसवून दिला, असे म्हणावे. पियानोवर हात बसवून देणे ही लहान गोष्ट नाही, आणि ते ज्या शिक्षकांनी केले त्यांच्याविषयी कुणी शोध घेऊन लिहिले तर तो लेख मी कात्रण करून ठेवीन.

शेवटी छायाचित्राविषयी. पांढरी बंडी घातलेला, मिशा राखलेला मर्क्युरी पियानोवर बसला आहे, पियानोवर कागदी पेले दिसत आहेत, आणि खाली ओळ आहे : ‘१९७५ : बोहेमियन ऱ्हॅप्सडीच्या ध्वनिमुद्रणप्रसंगी’. सन १९७५ मध्ये मर्क्युरीचे केस खांद्यापर्यंत होते आणि मिशा नव्हत्या. त्या त्याने १९८० मध्ये ठेवल्या. आपण छापलेले छायाचित्र १३ जुलै १९८५ रोजी लंडनच्या वेम्बली मैदानावर झालेल्या ‘लाइव्ह एड’ या कार्यक्रमातील आहे. त्या दिवशी त्यांच्या वाट्याला वीस-एक मिनिटे होती. सुरुवात याच गाण्याने झाली, आणि मे यांची गिटार सुरू होते न होते तोच त्यांनी ते तिथे तोडून पुढचे गाणे धरले. ऑपेराचा भाग त्या मैदानावर वाजलाच नाही. ओळीतील साल आणि ठिकाण येत्या अंकात दुरुस्त करावे, आणि जमल्यास त्याच चौकटीत रॉय टॉमस बेकर आणि माइक स्टोन ही दोन नावेही छापावीत, ही विनंती.

कळावे,
आपला नम्र,
एक निवृत्त ध्वनिमुद्रक, वाई (जि. सातारा)